मावशीच्या हातचं गाजर

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना आम्ही अकोल्याला एका बारशाला गेलो होतो. जेवणं चालू होती. तिने पानावरून मान वर केली आणि समोर बसलेल्या माझ्या चुलत सासऱ्यांना विचारलं, "आजोबा, तुमचे केस काळे आणि मिश्या पांढऱ्या काहून आहेत?"

चुलत सासरे केसांना कलप लावतात हे घराण्यात प्रत्येकाला माहीत होतं, आणि गेली पंधरा वर्षं ते कोणीही पाहिलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या हातातली पाटवडी तोंडाजवळ थांबली. माझ्या नवऱ्याने मुलीच्या दंडाला चिमटा काढला आणि "मोठ्यायले असं बोलतेत काय?" असं शेवटच्या पंगतीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने दरडावलं. परत येताना मूर्तिजापूर यायच्या आतच तो स्टिअरिंगवर हात आपटून हसायला लागला. "पण काय इचारलं पोट्टीनं! एक नंबर!" अमरावतीला पोचल्यावर हा किस्सा त्याने आईला सांगितला, भावाला फोन लावून सांगितला, दुसऱ्या दिवशी दुधवाल्यालाही सांगितला. मुलगी प्रत्येक वेळी तिथेच बसलेली होती. चिमटा खरा की हसणं खरं, हे तिला कळायला कोणत्या शिकवणीची गरज नव्हती.

मी अर्थातच नवऱ्याला सुनावलं. मला तो अधिकारच होता. मी डी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवते. मूल कुणाच्या दिसण्यावरून बोललं तर हसू नये, मारू नये, चारचौघांत लाज काढू नये, शांतपणे समजावून सांगावं, हे मी दरवर्षी फळ्यावर मुद्दे काढून सांगते. नवरा ऐकून म्हणाला, "बरं मॅडम," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं म्हणजे आमच्या घरात पोरगी काय बोलली यापेक्षा कोणाला बोलली यावर शिक्षा ठरायची. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तिने "तुम्ही लिफ्टमध्ये एकट्याच मावता का?" असं विचारलं, तेव्हा आम्ही दार लावून पोट धरून हसलो. नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोला "तुमचे दात ओठांत काहून बसत नाहीत?" असं विचारलं, तेव्हा मात्र दोन दिवस मोबाइल बंद, आणि साहेबांकडे संत्रा बर्फीचा डबा. धुणंभांडी करणाऱ्या बाईला ती "तुमच्या साडीचा वास येतो" म्हणाली, तेव्हा काहीच झालं नाही. घरात तीन मोठी माणसं होती. कोणालाच ऐकू आलं नाही.

अशा घरातली पोरगी आणि बालमानसशास्त्राची मी, दर रविवारी सकाळी भाजी आणायला जात होतो. कॉलनीच्या तोंडाशी दहा-बारा जणी बसतात. त्यांतली एक वलगावकडून यायची. पन्नाशीची, उंच, आवाजाने खणखणीत. स्वतःच्या शेतातली भाजी, त्यामुळे मेथी अशी ताजी की मुळांना काळी माती चिकटलेली असायची. आम्ही दोघी तिला मावशीच म्हणायचो. मावशीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड होतं, आणि ओठांच्या कडेनेही पांढरे डाग होते.

कोड स्पर्शाने पसरत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजच्या आरोग्य सप्ताहात त्यावर मी एक पोस्टरही करून घेतलं होतं.

मावशी दर वेळी मुलीला काहीतरी द्यायची. कधी गाजर, कधी कोवळी काकडी, कधी ओंजळभर वाटाण्याच्या शेंगा. "खाय माय, गोड आहे." मुलगी हात पुढे करायची, आणि मी मधेच पिशवी पुढे करून ते तिच्यात टाकायला लावायची. "घरी जाऊन धुऊन खाऊ हं." घरी आल्यावर ते गाजर ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात जायचं. मुलीला मी फ्रिजमधलं दुसरं द्यायची, मॉलमधून आणलेलं, प्लास्टिकच्या वेष्टनातलं. बाकीची भाजी मात्र आम्ही मावशीचीच खायचो. ती शिजवतो ना, असं मी मनाशी म्हणायची. दोन वर्षं हे चाललं. माझी समजूत अशी होती की मुलीच्या हे लक्षातही आलेलं नाही.

मागच्या थंडीतला रविवार. गर्दी बरीच होती. मावशीने एक लांबसडक गाजर निवडलं, पदराला पुसलं आणि मुलीपुढे धरलं. मुलीने ते घेतलं नाही. तिच्या हाताकडे बघितलं आणि मला विचारलं, नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओळीतल्या सगळ्या जणींना ऐकू जाईल अशा, "आई, मावशीचे हात असे आहेत म्हणूनच आपण त्यांचं गाजर घरी फेकून देतो ना?"

मी काय केलं ते आता सांगते. दरवर्षी फळ्यावर मुद्दे काढणारी बाई अशा वेळी काय करते, ते माझ्या विद्यार्थिनींना कळता कामा नये.

मी हसले. "काहीही बोलते ही!" म्हणाले. मग रागावले, "खोटं बोलायचं नाही हं!" मग तिच्या दंडाला धरून हिसका दिला. मग मावशीला म्हणाले, "मुलं ना हो, कुठून काय डोक्यात घेतात!" आणि शेवटी, काही सुचेना म्हणून, दोन किलो वांगी मागितली. आमच्या घरी वांगी फक्त सासूबाई खातात, त्याही महिन्यातून एकदा.

मुलगी रडायला लागली. "मी खोटं नाही बोलत! तू डब्यात टाकते! खालच्या डब्यात!"

मावशीने वांगी तोलली. गाजर परत ढिगावर ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीले कायले हिसके देता? तिनं त पायलं ते सांगतलं. मले माहीतच होतं. तुमी पिशवी अशी लांबून धरता, का माह्या हात लागू नये. दोन वर्सापासून पाहून राहिली मी."

"तसं नाही मावशी..."

"हाव, तसंच आहे. न्या वांगे."

घरी येईपर्यंत मुलगी हुंदके देत होती. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो या वेळी हसला नाही. हा किस्सा फोनवर सांगण्यासारखा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आता तिच्याकडं जाऊच नको. दुसऱ्या बाया काय कमी आहेत?" हा सल्ला मला इतका पटला की माझीच मला किळस आली. मी रात्रीपर्यंत वाट न बघता दुपारीच मुलीला जवळ घेतलं आणि शिकवण्याच्या सुरात सुरू केलं, "बाळा, कोणाच्या शरीरावरून असं बोलू नये. त्यांना वाईट वाटतं. पुढच्या रविवारी आपण मावशीला सॉरी म्हणू."

"मी म्हणू?"

"हो."

"पण फेकत तर तू होती."

फळ्यावरच्या मुद्द्यांत हे नव्हतं.

पुढच्या रविवारी तरीही मी तिला पुढे घालूनच गेले. हे कबूल करायला लाज वाटते, पण गेले. म्हटलं, लहान मूल सॉरी म्हणेल, मावशी विरघळेल, आणि विषय संपेल. मुलीने पाठ केल्यासारखं म्हटलं, "सॉरी मावशी, मी तुमच्या हातांबद्दल बोलले."

मावशी हातातली कोथिंबिरीची जुडी बांधत राहिली. "तुले काय इचारायचं होतं माय माह्या हाताचं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, ती "नको" अशी होती, पण तिने ती "विचार" अशी घेतली.

"ते पांढरं काय आहे?"

"कोड म्हनतेत त्याले. कातडीचा रंग जाते."

"कुठे जातो?"

"मले नाई सांगून गेला. तुले सापडला त आनशील."

"दुखतं?"

"नाई. उन्हात आग होते थोडीशी."

"हात लावला तर मला होईल?"

"नाई होत. माह्या घरी चार पोरं झाले, नातू खेळते अंगावर. कोनालेच नाई."

"बरं," मुलगी म्हणाली आणि शेजारच्या टोपलीतल्या बोरांकडे बघायला लागली. जे मी दोन वर्षं पिशवीत लपवून घरी नेत होते, ते अर्ध्या मिनिटात संपलं होतं.

मग मावशीने माझ्याकडे बघितलं. आजूबाजूच्या दोघी-तिघींचं जुड्या बांधणं थांबलं होतं. मी म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. तिची नाही. मी फेकत होते."

"कायले फेकत होत्या?"

शिकलेल्या बाईला या प्रश्नाला उत्तर द्यावं लागावं यासारखी फजिती नाही. "भीती वाटायची," मी म्हणाले. "माहीत होतं की काही होत नाही. तरी वाटायची."

"शिकोता म्हने तुमी पोरीयले."

"हो."

"काय शिकोता?"

शेजारची टोमॅटोवाली फिसकन हसली. मावशी नाही हसली. तिने एक गाजर घेतलं, तांब्यातलं पाणी ओतून धुतलं, सुरीने दोन तुकडे केले. एक मुलीला दिला, एक माझ्यापुढे धरला. "इथंच खा. घरी न्यायचं नाई."

मी तिच्या हातातून घेतलं. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. मी खाल्लं, आणि खाताना मला काहीही थोर वाटलं नाही. सगळा बाजार बघत असताना गाजर चावणं हे अवघड काम आहे. त्याचा आवाज फार होतो. मावशी शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "बोला, काय देऊ?" माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजही म्हणालेली नाही.

त्यानंतर तिने मुलीला फुकट काही दिलं नाही. चार रविवार तसेच गेले. पाचव्या रविवारी काकडी दिली, मुलीने तिथेच उभ्याने खाल्ली, आणि मी पिशवी लांब न धरता जवळ नेली. सवय लगेच गेली असं म्हणणार नाही. हात पुढे करताना एक क्षण अजून आखडतो, मग मी तो ढकलते.

आता मुलगी सात वर्षांची आहे. परवाच आम्ही मावशीकडे होतो. एक नवी बाई मेथी घेत होती. मावशीने जुडी पुढे केली, तशी तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "इथे ठेवा, मी उचलते."

मुलगी लगेच म्हणाली, "काकू, ते लागत नाही. माझ्या आईलापण तुमच्यासारखंच वाटायचं. ती गाजर फेकायची."

बाईने माझ्याकडे असं बघितलं, की आता ही पोरीला एक ठेवून देणार. मी म्हणाले, "खरं सांगते आहे ती. फेकायची मी."

बाईचा चेहरा लालबुंद झाला. मेथी तिथेच टाकून ती पुढच्या टोपलीकडे निघून गेली. मावशीने कमरेवर हात ठेवले.

"धंद्याच्या वक्ती गिऱ्हाईक पयवलं ना दोघी मायलेकीनं! आता तिची मेथी तुमीच न्या."

मी पिशवी उघडली. मावशीने दोन जुड्या टाकल्या, आणि वर तिसरीही टाकली.