ओल्या लंगोटांची पिशवी

पाळणाघरवाल्या मावशीच्या डोळ्यांत बँकवाली पहिल्याच दिवशी खुपली. बाई लेकराला सोडायला आली ती लंगोटांची चळत घेऊनच. वर डायपरनं पोराची कातडी कशी सोलवटते यावर व्याख्यान. ओले झालेले पिशवीत भरून द्या, मी घरी धुईन, म्हणाली. जणू उपकारच.

मावशीनं स्वतःची पोरं लंगोटांवरच वाढवली होती. धुऊन धुऊन कंबर कायमची धरली होती. आता ही कालची पोर तिला शहाणपण शिकवणार? इतक्या पोरांच्या रगाड्यात एकाचंच घडोघडी सोडा, पुसा, बांधा, दुपटं बदला! पण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जायचं. म्हणून मावशी तोंडावर गोड हसली आणि करायचं तेच करत राहिली.

फळीवर दुसऱ्या एका आईच्या, शिक्षिकेच्या, मुलाच्या डायपरचं पाकीट असे. त्यातलेच बँकवालीच्या पोराला. संध्याकाळी आई यायच्या आत त्याला कोरडा लंगोट बांधायचा, उरलेले नळाखाली धरून पिशवीत कोंबायचे. सगळं बिनबोभाट चाललं होतं. त्या शहाणीला बनवल्याचं मावशीला भारी समाधान होतं.

एका संध्याकाळी पोराला आणि पिशवी घेऊन निघालेली बँकवाली दारातूनच परत फिरली. शिक्षिका आपल्या मुलाला टोपडं घालत होती.

"मावशी, या लंगोटांना कसलाच वास नाही."

वास येऊ नये म्हणून खळबळून दिले, मावशीनं ठोकून दिलं. बँकवालीनं पिशवी जमिनीवर उलटी केली. सकाळी प्रत्येक घडीवर तिनं नाडीची गाठ मारली होती. एकही गाठ सुटलेली नव्हती.

मावशीचा आवाज चढला. "पोराला कोरडं ठेवलं, हाच गुन्हा ना माझा?"

"कुणाच्या डायपरमध्ये?" शिक्षिकेनं विचारलं. "पाकीट लवकर संपतं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात याचं पोट बिघडलंय. मी याला औषध पाजत होते, मावशी."

बँकवाली पोराला घेऊन गेली ती पुन्हा फिरकली नाही. शिक्षिकेला दुसरीकडे जागा मिळेना, तिला यावंच लागलं. पण पाकीट फळीवर ठेवणं तिनं बंद केलं. रोज सकाळी ती दारातच पर्स उघडून दिवसापुरते डायपर एकेक मोजायची, आणि मावशी इतर आयांसमोर हात पुढे करून उभी राहायची.