टाच घासायचा दगड

आमच्या भूशास्त्र विभागात कडुबा दगडाचे काप करायचे. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि पाणी घालत इतकी घासायची, की तिच्यातून उजेड आरपार जावा. तीस वर्षं त्यांनी इथला काळा बेसाल्टच घासला. आमच्याकडे दुसरं आहे काय!

२०१३च्या उन्हाळ्यात कॉलेजात आठवड्यातून एकदा टँकर यायचा. अशात कडुबा पिवळसर वाळूचा दगड घासत बसलेले दिसले. काचेवर नुसता चिखल. माझं डोकंच फिरलं.

"कडुबा, रेझिनच्या चिकात मुरवल्याशिवाय वाळूचा दगड घासतात का? कण सुटणारच! आणि पाण्याची ही नासाडी!"

"पानी घरून आणलंय, म्याडम," ते म्हणाले. "दगड आमच्या मंडळीचा व्हता. टाच घासायची ह्याच्यानं."

त्यांच्या बायकोला, भामाबाईंना, जाऊन चार महिने झाले होते. क्रांती चौकाकडच्या नव्या इमारतींना राजस्थानचा दगड बसवत होते, तिथं त्या पाट्या वाहायच्या. हा तुकडा तिथलाच. त्यात भामाबाईंचं काहीतरी उरलं असेल, काप केला की दिसेल, असं कडुबांनी मनाशी धरलं होतं. जन्मभर दगडाच्या आत बघणाऱ्यालाच असं सुचावं. आता अर्धा दगड चिखलात गेला होता, आणि मला माझीच लाज वाटली.

उरलेला अर्धा आम्ही मुरवला. तिसऱ्या दिवशी काप तयार झाला. मी कडुबांना मायक्रोस्कोपपुढे बसवलं आणि तबकडी हळूहळू फिरवत राहिले. कण राखाडी व्हायचे, पांढरे व्हायचे, विझायचे, पुन्हा उजळायचे.

"शंभरातले पंच्याण्णव कण गारगोटीचे," मी सांगत होते. "फेल्डस्पारचं खनिज नदीच्या वाटेत कुजलं, अभ्रकाचे पापुद्रे वाहून गेले. गारगोटी तेवढी टिकली, तिला लाटांनी घोळून गोल केलं. तो बारीक झगझगीत ठिपका झिरकॉनचा."

"तिथं समुद्र व्हता?"

"होता."

बाहेर टँकरमागे बायका हंडे घेऊन धावत होत्या आणि आम्ही दोघं त्या किनाऱ्यावर बसून होतो. किती वेळ, कोण जाणे.

डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "म्याडम, तिचं काय ऱ्हायलंय का ह्याच्यात?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही, कडुबा. नुसती गारगोटी आहे."

मी काप सरकवून कडेपाशी आणला. सगळीकडे कण दाटीवाटीनं बसलेले, पण इथं दगडाच्या कडेची रेघच आत वळली होती.

"इथले कण समुद्रानं नाही नेले," मी म्हटलं. "ही कड टाचेनं झिजलीय."

"लई भेगा पडायच्या तिला," कडुबा म्हणाले आणि रडायला लागले.

नंतर त्यांनी लेबल लिहिलं. दगडाचं नाव मी सांगितलं, वालुकाश्म. 'ठिकाण'पुढे आम्ही गाव लिहितो. तिथं त्यांनी लिहिलं, भामाबाई. मी ते तसंच राहू दिलं.