पोटनिवडणुकीतलं लग्नाचं जेवण

पोटनिवडणूक जाहीर झाली त्याच्या आदल्या रविवारी सकाळी, नांदेडला आमच्या घरी, मुलीच्या लग्नाच्या जेवणाचा ठराव झाला. सातशे ताटं, ताटाला एकशे ऐंशी रुपये, एकूण एक लाख सव्वीस हजार. चाळीस हजार विसार म्हणून मी तिथल्या तिथे दिले. राहिलेले शहाऐंशी हजार लग्नानंतर तिसऱ्या दिवशी द्यायचे ठरले. हजर चौघं होतो: मी, बायको, तिचा धाकटा भाऊ आणि हदगावचा आचारी. पत्रावळ्या, द्रोण आणि पाणी मी आणायचं, बाकी सगळं आचाऱ्याने.

मी एका अनुदानित शाळेत मुख्य लिपिक आहे. लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून ठेवली होती, त्यामुळे पैशाची चणचण नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढे काही लोकांनी उलट समज करून घेतला.

आमचा मतदारसंघ एका मोठ्या नेत्याचा. एके काळी त्यांनी राज्य चालवलेलं. एका सकाळी बातमी आली की त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. का दिला, हे ज्याला त्याला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं कारण निराळं होतं. शाळेसमोरचा चहावाला सांगायचा ते शिपायाला पटत नव्हतं, शिपाई सांगायचा ते मुख्याध्यापकांना. मला कुणाचंच पटत नव्हतं, पण एक गोष्ट दिसत होती: सगळ्या राज्याचं राजकारण आता एका मतदारसंघात येऊन बसणार. एरवी निवडणुकीत कार्यकर्ते आपापल्या गावी असतात. पोटनिवडणुकीत ते सगळे एकाच ठिकाणी येतात. आठवड्याभरात लॉज भरले. रस्त्याने लातूर, परभणी, कुठल्या कुठल्या पासिंगच्या गाड्या दिसू लागल्या. मलाही मतदान अधिकारी म्हणून ड्यूटी लागली.

लग्न प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात आलं होतं. तारीख बदलावी असं मी म्हणालो, तेव्हा मेहुणा हसला.

"दाजी, तुम्ही कायकू टेन्शन घ्यायलेत? निवडणूक त्यांची, लग्न आपलं. मी हाय ना."

हा मेहुणा एका उमेदवाराच्या मागे फिरत होता. लग्नघरात त्याने कधी खुर्ची उचलली नव्हती. पण या लग्नात तो रोज येऊन आचाऱ्याशी फोनवर बोलायचा, लग्नाच्या लॉनच्या मागचं फाटक पाहून यायचा, गाड्या कुठे लागतील ते विचारायचा. बायको म्हणाली, "भाचीचं लग्न हाय, माया नसंल का त्याला?" माया होतीच, पण मायेला मागचं फाटक कशाला लागतं, हे माझ्या ध्यानात येत नव्हतं.

त्या दिवसांत उमेदवार दिसेल त्या मांडवात शिरत होते. वधूवरांना हार घालायचे, माइक हातात आला की दोन शब्द बोलायचे, आणि उमेदवाराचा खर्च मोजणाऱ्या सरकारी खर्च पथकाचा कॅमेरा दिसला की निघून जायचे. आमच्या मांडवाकडे मात्र एकही उमेदवार फिरकला नाही. तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

त्रिशरण, पंचशील, मंगल परिणय सगळं वेळेवर झालं. जेवणं सुरू झाली आणि मी वाढणाऱ्यांच्या मागे उभा राहिलो. पहिली पंगत ओळखीची होती. दुसऱ्या पंगतीत मागच्या फाटकाने माणसं येऊ लागली. आठआठ-दहादहाच्या टोळीने यायची, जेवायची आणि जायची. स्टेजकडे कुणी बघत नव्हतं, आहेर तर लांबच. गळ्यातले रुमाल खिशात कोंबलेले, चपलांवर रस्त्याची धूळ. एकाला मी विचारलं, "पाहुणे, कुठले तुम्ही?"

"लातूरचे, साहेब."

"मुलाकडचे का?"

"हाव, तसंच समजा," असं म्हणून त्याने वाढप्याकडे द्रोण पुढे केला. "जिलेबी येऊ द्या इकडं."

मी व्याह्यांकडे गेलो. ते लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे, तालुक्याच्या गावी शेतीच्या औषधांचं दुकान चालवतात, तोंडाने तिखट माणूस. म्हणालो, "लातूरची मंडळी बरीच आली तुमची."

"आमची?" ते म्हणाले. "आमची एक बस अन् तीन गाड्या, ती कवाच जेवून बसलीत. मी म्हणलं, व्याहीबुवांचा गोतावळा लई दांडगा हाय!"

जेवण कमी पडलं नाही, हेच मला खटकलं. सातशेच्या स्वयंपाकात एवढी माणसं जेवली तर शेवटी भात संपायला हवा होता. मी मांडवामागे गेलो. उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग पडला होता. मी आणलेल्या पत्रावळ्या चंदेरी कागदाच्या, आणि माझे दोन गठ्ठे अजून न फोडलेले शिल्लक होते. ढिगात निम्म्याहून थोड्या कमी हिरव्या पत्रावळ्या होत्या. हिरवी पत्रावळ मी विकत घेतलेली नव्हती. आचाऱ्याला विचारलं तर तो कढईत बघत म्हणाला, "सर, पोरीला वाटं लावा आधी. हे बघायचं काम हाय का तुमचं आज?"

मुलीची पाठवणी झाली. तिसऱ्या दिवशी शहाऐंशी हजारांचा चेक खिशात घालून मी एसटीने हदगावला गेलो. आचारी बाजारामागे राहतो. ओसरीवर भांडी पालथी घातलेली, तो खाटेवर बसलेला. चहा झाला. मी चेक काढला तसे त्याने दोन्ही हात वर केले.

"कायची बाकी, सर? हिशोब फिटला की."

"कुणी फेडला?"

"तुमच्या मेहुण्यानं. तुम्हीच पाठवलं म्हणून घेतलं म्या."

मी किती ते विचारलं. एक लाख एकोणपन्नास हजार, रोख. मी मनात आकडा मांडला. माझी बाकी शहाऐंशी हजार, तर वरचे त्रेसष्ट हजार कशाचे? एकशे ऐंशीने भागले की साडेतीनशे ताटं येतात.

"साडेतीनशे माणसं कुणाची जेवली?" मी विचारलं.

आचारी म्हणाला, "सर, प्रचाराची. त्यांनी निराळी चूल मांडली की कॅमेरावाले येऊन ताटं मोजतेत अन् उमेदवाराच्या खर्चात लावतेत. लग्नाच्या मांडवात कोण मोजून राहिलंय? या पंधरवड्यात तीन लग्नात असंच झालं. मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय."

म्हणजे एका उमेदवाराचे कार्यकर्ते माझ्या मुलीच्या मांडवात लपून जेवले होते, आणि मांडव वापरू दिल्याबद्दल माझी बाकी त्याच माणसांनी भरली होती. मी चेक आचाऱ्यापुढे ठेवला. त्याने हात लावला नाही. "एका जेवणाचे दोनदा कसे घेऊ? उद्या बोलताल, आचारी बेइमान हाय."

संध्याकाळी घरी पोचलो आणि मुलीचा फोन आला. आवाज दबलेला. "बाबा, इथं विचारायलेत. गल्लीतला एकजण प्रचाराला नांदेडला गेला होता. तो दुकानात येऊन सांगून गेला म्हणे, तुमच्या सुनेच्या लग्नात आम्ही साहेबाच्या खात्यावर जेवलो, सगळं जेवण साहेबाचंच होतं. सासरे जेवताना म्हणले, फुकटच्या जेवणावर पोरगी उजवली. मी काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

"म्हणलं, माझ्या बाबांनी दिलं. ते म्हणले, मग पावती दाखवा म्हणावं." मग ती म्हणाली, "परतणीला येणारेत ते माझ्यासंगं. बाबा, तुम्हीच दिलं ना?"

मी म्हणालो, "येईपर्यंत दिलेलं असेल." याहून जास्त खरं मला सांगता येत नव्हतं. परतणी रविवारी होती.

मेहुण्याला बोलावलं. तो हसतच आला, पण बहिणीचं तोंड पाहून थांबला.

"दाजी, शहाऐंशी हजार वाचवले तुमचे! फंडातून काढलेला पैसा, निवृत्तीला कामाला येईल. मी काय खाल्ले का त्यातले?"

"किती खाल्ले ते मी विचारलं नाही अजून," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. बायको म्हणाली, "अरे, तुझ्या भाचीला तिकडं फुकटची म्हणायलेत. तुझा साहेब जाणार का निलंग्याला सांगायला?"

"आक्का, जगात कोण निवडणुकीत जेवत न्हाई?"

"मांडवातल्या पोरीच्या नावावर न्हाई जेवत."

मी त्याला एवढंच सांगितलं: पैसे ज्यांचे आहेत त्यांना परत जातील, आणि आपण दोघं आत्ता त्यांच्या कार्यालयात जाऊ. तो नको म्हणत होता, तरी आला.

प्रचार कार्यालय एका बंद पडलेल्या शोरूममध्ये होतं. खर्चाचं काम बघणारा गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसला होता, इस्त्रीच्या कपड्यातला, गोड बोलणारा. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रकमेसकट. त्याने मेहुण्याकडे असं पाहिलं, जणू त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय.

"काका, काहीतरी गैरसमज आहे. आम्ही कुणालाच जेवण दिलेलं नाही."

"साडेतीनशे माणसं जेवली."

"लग्नात माणसं जेवतातच की. आमचे कार्यकर्ते घरून डबा आणतात."

"लातूरहून?"

तो हसला. "काका, तुम्ही परत कराल म्हणता, पण आम्ही दिलेच नाहीत तर घेऊ कसे? आणि घेतले तर लिहू कुठे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला मतदानाची ड्यूटी आहे ना? कशाला आपल्यामागे लावून घेता? मुलीचं झालं ना नीट?"

माझी ड्यूटी त्याला कशी माहीत, हे मी विचारलं नाही. मेहुणा जमिनीकडे बघत होता. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "पैसे तुला यानेच दिले?"

"दुसऱ्यानं. याच्या समोर."

"आणि तेवढेच दिले, एक लाख एकोणपन्नास?"

"दाजी, आईची आण."

मी ते ऐकून घेतलं. आजही मला त्या आकड्याची खात्री नाही. ज्या पैशाला देणारा नाही, त्याचा खरा आकडा कुणालाच कळत नाही.

तक्रार करावी असं मनात आलं होतं. खर्च पथकाचा फोन नंबर प्रशिक्षणात सगळ्यांना दिलेला होता. पण तक्रारीत पहिलं नाव मेहुण्याचं गेलं असतं, दुसरं आचाऱ्याचं, आणि लॅपटॉपवाल्याचं कुठेच आलं नसतं. असल्या जेवणाचा मिंधा होऊन मतदान केंद्रावर बसायचं नव्हतं, म्हणून मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना भेटून ड्यूटी बदलून मागायला गेलो. ते म्हणाले, "लग्नघर होतं म्हणून दमलात का? आता बदल होत नाही." मी कारण सांगितलं नाही.

रविवारी आचाऱ्याला नांदेडला बोलावलं. तो सकाळच्या बसने आला, पैसे रुमालात बांधून. दुपारी निलंग्याहून मुलगी, जावई आणि व्याही आले. मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली, आत गेली नाही. मी म्हणालो, "बस इथेच."

व्याह्यांना मी आडवळणाने काही सांगितलं नाही. लॉनच्या मागच्या फाटकापासून लॅपटॉपवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. मेहुणा दारात उभा होता. व्याही सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे बाकी भरलेली हाय, अन् तुम्ही परत भरायलात?"

"माझी बाकी मी भरलेली नाही."

"व्याहीबुवा, तुम्ही लई अवघड माणूस हाव," ते म्हणाले. मग आचाऱ्याकडे वळले. "तू काय बघत बसलास? घे की चेक!"

"दोनदा घेऊ का, मालक?"

"एक घे, एक दे. एवढं कळंना?"

आचाऱ्याने रुमाल सोडला. त्रेसष्ट हजार त्याने खिशात ठेवले. साडेतीनशे माणसांना त्याने खरंच जेवू घातलं होतं, त्याच्या कष्टाच्या पैशाबद्दल मला बोलायचं नव्हतं. शहाऐंशी हजार त्याने मेहुण्यापुढे धरले, कारण आणून देणारा तोच होता. मेहुण्याने ते घेतले. बायको त्याला म्हणाली, "ज्याचे त्याला दे." तो हो म्हणाला.

पुढे मतदान झालं, निकालही लागला. ते पैसे कुणाला दिले, हे मी मेहुण्याला दोनदा विचारलं आहे. एकदा तो म्हणाला, कार्यालयात दिले. एकदा म्हणाला, ज्याने दिले त्याच्या घरी. कार्यालय तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रिकामं झालं होतं.

त्या रविवारी मात्र मुलीने चेकवरचा आकडा स्वतः वाचला, सासऱ्यांपुढे, मोठ्याने, आणि मग आत पाणी प्यायला गेली. हदगावच्या आचाऱ्याला विसार चाळीस हजार आधीच दिले होते, त्या दिवशी चेकने शहाऐंशी हजार दिले. सातशे ताटांचे एक लाख सव्वीस हजार पूर्ण, माझ्या खात्यातून, त्याच्या नावावर.