पुनरुज्जीवन आणि बिरादारबाई

"वाचनालय मेलं होतं का गं?"

बिरादारबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तेलुगू मुलखातल्या या शहरात, सुलतान बाजारातल्या आमच्या शाळेच्या मराठी विभागात मी नुकतीच रुजू झाले होते आणि फळ्यावर मोठ्या हौसेने सूचना लिहीत होते, ‘सोमवारी वाचनालयाचे पुनरुज्जीवन’. मागे वळून पाहिलं तर पन्नाशीच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या एक बाई काखेत वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, "नाही, छत गळत होतं म्हणून दोन महिने बंद होतं."

"मग ‘पुन्हा सुरू’ लिही. एवढा मोठा शब्द कशाला खर्चायलीस?"

बाई उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन या शहरात, चिक्कडपल्लीला आल्या आणि इथल्याच झाल्या. वर्गात त्यांचं मराठी तासून घेतल्यासारखं असे. फाटकाबाहेर पाऊल पडलं की इथली दखनी उर्दू सुरू. आंबेवाल्याला म्हणायच्या, "नक्को भाई, ये आम अभी सोरा है. जागा हुआ दो." तो हसत हसत पिकलेला आंबा काढून द्यायचा. शब्द कुठल्याही भाषेतला असो, तो जागच्या जागी बसला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. चुकला तर मुख्याध्यापकांनाही सोडत नसत.

पण त्या एका शब्दाच्या बाबतीत त्या इतक्या कडक का, हे मला वर्षभराने कळलं. बसची वाट पाहत उभ्या होतो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांचे यजमान कुकटपल्लीच्या एका कारखान्यात फिटर होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते कोसळले. बाई दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा एक तरुण डॉक्टर दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबत होता. घामाने निथळत होता, पण थांबत नव्हता. शेवटी बाहेर येऊन तो म्हणाला, "अम्मा, दिल रुक गया था. वापस आ गया."

"अठरा वर्षं मी तो शब्द पोरांना फोडून सांगितला," बाई म्हणाल्या. "पुनर्, उत्, जीवन. उत् म्हणजे वर. गेलेला जीव पुन्हा वर येणं. मार्कही दिले. पण अर्थ मला त्या दुपारी कळला बघ. आता कुणी रंग दिलेल्या भिंतीला पुनरुज्जीवन म्हटलं की अंगावर काटा येतो."

त्याच सुमारास शहर झपाट्याने बदलू लागलं. दुकानांत परदेशी वस्तू आल्या, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि आईबापांना एकाएकी इंग्रजी शाळेची घाई झाली. आमच्या मराठी विभागात पहिलीच्या वर्गाला सहा मुलं उरली. तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली आणि पालकांसाठी लिहिलेलं आवाहन वाचून दाखवलं. मथळा होता, ‘मराठी विभागाचे पुनरुज्जीवन’. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या.

बाई उठल्या. "सही करते. हा शब्द काढा."

"बाई, शब्दांचा कीस काढायची वेळ आहे का ही?"

"हीच वेळ आहे, साहेब. सहा लेकरं तिकडं बाकावर बसली आहेत. त्यांना मेली म्हणायचं का? विभाग जगवायचाय, असं लिहा. जगवायचं म्हटलं की माणूस उठून काहीतरी करतो."

सेक्रेटरींनी नाइलाजाने शब्द बदलला. आणि बाईंनी मला पत्ते गोळा करायला लावले. दोन महिने शाळा सुटल्यावर आम्ही दोघी घरोघर फिरलो. चहा सगळीकडे मिळाला, मुलं मिळाली नाहीत. कुकटपल्लीत पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं. दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. बाई म्हणाल्या की मुलगी आमच्याकडे घाला. तिची आई हसली.

"अहो, घरात मराठी बोलतोच की आम्ही. शाळा कशाला?"

टेबलावर आजीचं आंतर्देशीय पत्र पडलं होतं. बाईंनी ते त्या मुलीपुढे, रुचिरापुढे धरलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि आईला विचारलं, "इसमें क्या लिखा है?" आईचा चेहरा पडला. बाईंनी टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाल्या, "शाळेत नको तर नको. रविवारी मी येते इथं."

जूनमध्ये मराठी विभाग बंद झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, शेवटी मेलाच ना तो?"

"मेला," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण शब्द मऊ केला नाही. नंतर पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, "रविवारी साडेनऊला ये. उशीर नको."

रुचिराच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चार मुलांनिशी वर्ग सुरू झाला. वर्षभरात अकरा झाली. अशातच बाईंच्या यजमानांना दुसरा झटका आला. या वेळी डॉक्टर म्हणाले, मशीनवर ठेवू, पण शुद्ध येणार नाही. मी शेजारीच होते. बाईंनी यजमानांचे तळवे हातात धरले.

"चार वर्षं वरची मिळाली," त्या म्हणाल्या. "आता नक्को. जाऊ द्या यांना."

पंधरवड्याने त्या वर्गावर आल्या. रुचिरा म्हणाली, "बाई, आज तुम्ही नका शिकवू. आम्ही वाचतो." तिने पुस्तक उघडलं आणि अडखळत धडा वाचू लागली. बाई डोळे मिटून, भिंतीला टेकून ऐकत होत्या. एका जोडाक्षरावर रुचिरा घसरली. आम्हाला वाटलं, आज बाई काही बोलणार नाहीत.

"थांब," डोळे न उघडता बाई म्हणाल्या. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. बरोबर वाचलं.

तो वर्ग बाईंनी पुढे नऊ वर्षं चालवला. शेवटी शेवटी गुडघ्यांमुळे त्यांना दोन जिने चढवेनात. हे कळल्यावर त्या इमारतीतले लोक, त्यांत निम्मी घरं तेलुगू, दर रविवारी नऊच्या आत तळमजल्यावर उभ्या असलेल्या आपापल्या गाड्या रस्त्यावर नेऊन लावू लागले, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत भरणाऱ्या वर्गासाठी वॉचमन बाईंची खुर्ची मांडून ठेवू लागला.