सदतीस अंशांची ऊब

माझे बाबा पंप चालवायचे. पाण्याचा नव्हे, रक्ताचा. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कुणाचं हृदय चालेनासं झालं, की रक्त नळीतून बाहेर काढून, त्यात प्राणवायू भरून ते पुन्हा अंगात सोडणारं यंत्र ते सांभाळत. सगळं हॉस्पिटल त्यांना पंपकाका म्हणायचं. आई म्हणायची, "जगाची हृदयं चालवतात आणि मिक्सर बिघडला की हात वर करतात."

बाबा मुलखाचे घुमे. नळ्यांवर टिचक्या मारून बुडबुडे शोधायचे, आकडे लिहायचे. कुणी काही विचारलं तर उत्तरही आकड्यातच द्यायचे.

हृदयाची झडप बदललेली एक शिंपीणबाई चार दिवस यंत्रावर होती. रोज सकाळी बाबा पंपाचा वेग कमी करून बघत. तिचं हृदय काही भार उचलत नसे, मग ते मुकाट्याने वेग वाढवत. चौथ्या दिवशी डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "आज काय ते ठरेल." त्याने तिचा हात हातात घेतला.

"काका, आज हात गरम लागतोय. सुधारतंय ना?"

बाबांना तेव्हाच नळीत काळी गुठळी दिसली होती. सगळं लक्ष तिकडे. सवयीने त्यांनी समोरचा आकडा वाचला. "हो, सदतीस आहे."

ते सदतीस यंत्राचे होते. रक्त तापवणारी पेटी बाबांनीच तिथे लावली होती. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "मग तिच्या चपला घेऊन येतो. घाईत अनवाणीच आणलं होतं तिला." बाबांनी नुसती मान हलवली.

तासाभरात पंप अडला. दुसरा जोडेपर्यंत चार मिनिटं गेली, आणि तिच्या हृदयाला ती पेलली नाहीत. नवरा चपला कागदात गुंडाळून आला. त्याने पुन्हा तिचा हात धरला.

"मघाशी गरम होता," तो बाबांना म्हणाला. "तुम्हीच हो म्हणालात."

गुठळीसाठी बाबांना कुणीच बोल लावला नाही. पण बाबांनी कानाला खडा लावला. पुढे प्रत्येक नातेवाइकाला ते सांगत, "ही ऊब यंत्राची आहे. जाऊ नका, इथेच थांबा." लोक रडत, हॉस्पिटलच्या साहेबांकडे तक्रारी करत. मीही एकदा चिडून म्हणाले होते, "लोकांची आशा कशाला मोडता?" त्याची मला आजही लाज वाटते.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. फ्रिजची घरघर थांबली की बाबा अजून ताडकन उठतात. आताशा माणसंही नीट ओळखत नाहीत.

काल मी सासरी निघाले होते. बॅग उचलली, चपला घातल्या. बाबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"यंत्राची ऊब आहे," ते म्हणाले. "चपला नंतर आणा. ती आहे तोवर इथेच बसा."

मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ बसले.