श्रावणातली पालेभाजी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. अक्का गेली तेव्हा देवपुरातले शेजारी माझा हात धरून म्हणत होते, बहिणीचं किती केलंत! मी मान हलवत होतो. मान हलवायला काय लागतं?

अक्का माझी थोरली बहीण. भावजी वारल्यावर सावद्याहून माझ्याकडे राहायला आली. म्हातारपणी डोळ्याचा पडदा झिजतो, तो आजार तिला होता. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, पालेभाज्या सांगितल्या — आणि मला बाजूला घेऊन बजावलं: यानं गेलेली नजर परत येत नाही, झीज जरा मंदावते, इतकंच. सरळ वस्तू वाकडी दिसायला लागली तर त्याच दिवशी आणा. इंजेक्शनला उशीर चालत नाही.

पण मी पडलो वाचणारा! ज्येष्ठांच्या मंडळात ‘आहार आणि दृष्टी’ यावर माझं भाषण ठरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत बसणार होती — मी खाऊ घातलेल्या पालकाच्या भाजीनं राखलेल्या नजरेचा पुरावा म्हणून. असा मी विद्वान.

भाषणाच्या आठवडाभर आधी ती ओट्यावर बसून म्हणाली, “भाऊ, समोरचा लाइटचा खांब वाकला का रे? का मीच वाकली?” आणि हसली.

मला कळलं नसेल, असं वाटतं तुम्हाला? तत्क्षणी कळलं. मी म्हणालो, “वय झालं, अक्का. कॅप्सूल घे.”

भाषण झालं. टाळ्या पडल्या — अक्कानंही वाजवल्या. मग तिला दवाखान्यात नेलं. तोवर एका डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं दिली, पण त्या डोळ्याला समोरच्या माणसाचा चेहरा पुन्हा दिसला नाही.

रिक्षात तिनं विचारलं, “असं कसं झालं रे?”

आणि मी — मी म्हणालो, “श्रावणात पालेभाजी सोडतेस ना, त्याचं हे.”

लग्नापासून पाळलेला तिचा नेम. एक महिना भाजी सोडल्यानं डोळा जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या नेमाला मी आयुष्यभर हसलो, आणि लपायला तोच सापडला.

“माहीच चूक,” ती म्हणाली. “तुही बठ्ठी, सारी मेहनत मी वाया घालवली.”

मरेपर्यंत ती हेच धरून राहिली.

पुढच्या श्रावणात तिनं आपणहून पालक मागितला. देवाकडे वळून हात जोडले, आणि मुकाट्यानं खाऊ लागली. मी समोर बसून तिला त्यातली जीवनसत्त्वं समजावत होतो. मग मीच तिला अजून थोडी भाजी वाढली.