तहानेची ज्वारी आणि दौंडची ओटी

२१ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्या शिरूरच्या शेतकरी कंपनीने कवठे येमाईच्या हौसरावांना ४,३५० रुपये दिले. ज्वारीच्या चाचणीच्या तिसऱ्या हंगामाची ती मशागत. व्हाउचर मीच केले. पण हे लिहितो आहे ते हौसरावांच्या विहीणबाई, दौंडच्या धुरपदाबाई, यांच्याविषयी.

विद्यापीठातल्या संशोधक भाग्यश्रीताईंनी हौसरावांच्या रानात एकाच वाणाची ज्वारी दोन तुकड्यांत पेरली होती. एका तुकड्याला पाणी दिले, दुसऱ्याला दोन वर्षे तहानलेलेच ठेवले. मी बी.कॉम. माणूस, म्हणून त्यांनी सोपे करून सांगितले. "काका, बियातली अक्षरं दोन्हीकडं तीच. पण कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं, याच्या खुणा तहानेनं बदलतात. त्या पुढच्या पिढीत उतरत असतील, तर नवा वाण निवडताना त्यांचा उपयोग होईल." आता दोन्हीकडचे बी शेजारी शेजारी पेरून, पाणी न देता, कोण तगते ते पाहायचे होते. ताईंची दोन वर्षांची मेहनत त्यावर अवलंबून होती.

पेरणीच्या आदल्या दिवशी हौसरावांच्या घरी ठेवलेला तहानेच्या बियाण्याचा डबा रिकामा निघाला. हौसरावांची लेक सारिका बाळंतपणानंतर नुकतीच सासरी गेली होती. तिची ओटी भरून पिशवीभर ज्वारी सोबत देताना तिच्या आईने, साळूबाईंनी, घरातली सर्वांत निवडलेली ज्वारी काढली होती, ती हीच. लेकीला हलके धान्य कोणती आई देईल?

"जाऊन मागून आणू," मी म्हणालो.

"ओटीतलं मागायचं?" हौसराव म्हणाले. "सायेब, तुमच्या हापिसात चालत आसंल. लेकीच्या सासरी माझ्या तोंडातनं हे निघायचं न्हाई."

ताई म्हणाल्या, "मागू नका. नुसतं भेटून येऊ." माझ्या गाडीतून आम्ही तिघे न्हावऱ्यामार्गे दौंडला गेलो.

धुरपदाबाईंचे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर बाईंनी भाजी विकून मुलगा शिकवला. बोलणे धारदार.

"व्याही, लेक परत न्यायला आलात का काय? आजून हप्ता न्हाई झाला," त्या म्हणाल्या. हौसराव चहाच्या कपात बघत राहिले. शेवटी ताईंनीच सगळे सांगितले, आणि काही मागितले नाही.

"म्हंजी ही तहानलेल्या आईची लेकरं?"

"हो, तसंच."

"आन् आम्ही दोन दिस त्यांच्या भाकरी खाल्ल्या. तरीच चावायला कडक लागत होत्या." सारिका तोंडाला पदर लावून हसली. पिशवी अजून बरीच भरलेली होती. "पन ओटी परत घेत न्हाईत, आन् देतबी न्हाईत."

हौसराव उठले.

"बसा वो. तुम्हाला कोन देतंय?" बाई ताईंकडे वळल्या. "लग्न झालंय न्हवं? मालक काय करत्यात?"

"पुण्यात मास्तर आहेत."

"मंग बस पाटावर. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली, ती मोकळी जाईल व्हय? सारिका, तू भर. मला चालत न्हाई म्हनतात लोक." मग माझ्याकडे पाहून, "आन् वझं जास्त झालं तर सायेब हायेत की उचलायला."

घरात कोरा खण नव्हता. त्या स्वतः समोरच्या दुकानातून घेऊन आल्या. सारिकाने खण, नारळ आणि ज्वारीच्या ओंजळी ताईंच्या पदरात घातल्या, मग उरलेली पिशवी शेजारी ठेवली. ताईंचे डोळे भरले. हौसरावांनी विहीणबाईंना हात जोडले, ते बराच वेळ खाली आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेरणी झाली. जानेवारीत तहानेच्या बियाण्याचा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा हिरवा होता, कणसेही भरली होती. ताई म्हणाल्या, एका रानावरून ठरवता येत नाही, प्रयोगशाळेत खुणा तपासायच्या आहेत. पण तपासायला काही उरले ते धुरपदाबाईंमुळे. सदतीस वर्षांच्या नोकरीत माझी कामे पुष्कळांनी केली. कोणाचाही मान न मोडता इतके अवघड काम झालेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाही. त्यांचे उपकार मी मानतो.

माझ्याकडे त्या दिवशी सुटे नव्हते, त्यामुळे खणाचे साठ रुपये त्यांनीच दिले. ते माझ्याकडून द्यायचे राहिले आहेत.